सौर डागांचा काळेपणा

सौर डाग हे सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावर, म्हणजे दीप्तिगोलावर, तात्पुरते निर्माण होणारे आणि सभोवतालच्या भागापेक्षा काळसर दिसणारे प्रदेश आहेत. त्यांचा काळेपणा सापेक्ष असतो. दीप्तिगोलाचे तापमान सुमारे ५,७७० केल्विन (सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस) असते, तर मोठ्या डागाच्या मध्यभागाचे तापमान साधारणपणे ३,५०० ते ४,५०० केल्विन असते. तापमान कमी असल्यामुळे त्या भागातून कमी प्रकाश बाहेर पडतो आणि तेजस्वी पार्श्वभूमीवर तो काळा भासतो. डागाचे तापमान कमी राहण्यास तेथील तीव्र चुंबकीय क्षेत्र कारणीभूत असते. हे क्षेत्र तप्त वायूचे अभिसरण रोखते. त्यामुळे सूर्याच्या अंतर्भागातील उष्णता त्या ठिकाणी पृष्ठभागापर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही.

सौर डागांना पूर्वी सूर्यासमोरून जाणारे लहान ग्रह, सूर्यावरील ढग किंवा सूर्याच्या तेजस्वी आवरणातील भोके मानले जात असे. डाग थंड असतात हे एकोणिसाव्या शतकात मोजमापाने दिसून आले. त्यामागील चुंबकीय कारण मात्र विसाव्या शतकात उलगडले.

स्वरूप आणि रचना

पूर्ण विकसित डागाचे दोन भाग असतात. मधल्या गडद भागाला छाया म्हणतात आणि तिच्याभोवतीच्या फिकट, तंतुमय पट्ट्याला उपच्छाया म्हणतात. ग्रहणाच्या संदर्भात वापरल्या जाणाऱ्या याच नावांशी त्यांचा अर्थाने संबंध नाही, कारण डागावर कोणत्याही वस्तूची सावली पडलेली नसते. उपच्छायेचे तापमान सुमारे ५,००० ते ५,५०० केल्विन असल्यामुळे ती छायेपेक्षा बरीच उजळ दिसते. उपच्छाया नसलेल्या लहान डागांना रंध्रे म्हणतात.

रंध्रांचा व्यास एक ते काही हजार किलोमीटर असतो. मोठे डाग ५०,००० किलोमीटरपेक्षाही रुंद असू शकतात. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर आहे, म्हणजे अशा एका डागाच्या रुंदीत तीन-चार पृथ्वी शेजारी शेजारी मावतील. लहान डाग काही तासांत किंवा दिवसांत नाहीसे होतात, तर मोठे डाग काही आठवडे आणि क्वचित काही महिने टिकतात. डाग बहुधा गटाने आढळतात.

काळेपणाची सापेक्षता

डागाची छाया काळी दिसत असली तरी ती प्रकाशहीन नसते. तिचे तापमान लोखंडाच्या वितळबिंदूच्या (सुमारे १,८११ केल्विन) सुमारे दुप्पट किंवा त्याहून अधिक असते. तापदीप्त विजेच्या दिव्यातील टंगस्टनची तार सुमारे २,७०० ते २,८०० केल्विन तापमानाला प्रखर प्रकाश देते. छाया त्या तारेपेक्षाही अधिक तापलेली असते. आर्द्रा नक्षत्राच्या काक्षी या तांबूस ताऱ्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,५०० केल्विन आहे, आणि तो आकाशातील ठळक ताऱ्यांमध्ये गणला जातो.

पौर्णिमेच्या चंद्राशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. पृथ्वीवरून पाहताना सूर्य पूर्णचंद्रापेक्षा सुमारे ४ लाख पट तेजस्वी असतो. एखाद्या डागाने सूर्यबिंबाचा एक हजारावा भाग व्यापला आहे आणि त्याची दृश्य तेजस्विता दीप्तिगोलाच्या केवळ दहा टक्के आहे असे मानू. बाकीचा सूर्य झाकून तेवढाच डाग रात्रीच्या आकाशात ठेवता आला, तर त्याचा प्रकाश पूर्णचंद्राच्या सुमारे ४० पट भरेल आणि त्याचा रंग नारिंगीकडे झुकणारा असेल.

डाग काळे दिसण्यात डोळ्यांचा व कॅमेऱ्याचाही वाटा असतो. सूर्याचे निरीक्षण करताना गाळणी किंवा प्रकाशनकाळ दीप्तिगोलाच्या तेजानुसार ठरवावा लागतो. त्या मापात डागाचा मंद प्रकाश जवळजवळ नोंदलाच जात नाही.

खरा काळेपणा कसा असतो, हे बुध किंवा शुक्राच्या अधिक्रमणाच्या वेळी दिसते. ९ मे २०१६ रोजी झालेले बुधाचे अधिक्रमण भारतातूनही सूर्यास्तापर्यंत पाहता आले. त्या वेळी सूर्यबिंबावर डागही होते. बुधाची पृथ्वीकडील बाजू अप्रकाशित असल्यामुळे त्याची वर्तुळाकार आकृती डागांच्या छायेपेक्षा स्पष्टपणे अधिक काळी दिसत होती.

तापमान आणि प्रकाश यांचा संबंध

तापलेल्या पृष्ठभागातून बाहेर पडणारे एकूण प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. हा स्टेफान-बोल्ट्झमान नियम होय. त्यामुळे तापमानातील थोडासा फरकही तेजस्वितेत मोठा फरक घडवतो. छायेचे तापमान ४,००० केल्विन धरल्यास ते दीप्तिगोलाच्या तापमानाच्या सुमारे ६९ टक्के होते, परंतु तेवढ्याच क्षेत्रफळातून बाहेर पडणारी ऊर्जा केवळ २३ टक्के भरते.

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात ही तफावत आणखी वाढते. तापमान उतरते तसे प्रारणाचे प्राबल्य निळ्याकडून तांबड्या व अवरक्त भागाकडे सरकते. प्लांकच्या नियमानुसार वरील दोन तापमानांसाठी गणित केल्यास ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट प्रकाशात छायेची तेजस्विता दीप्तिगोलाच्या सुमारे ११ टक्के येते, तर १,६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त प्रारणात ती सुमारे ४४ टक्के येते. म्हणून अवरक्त छायाचित्रांत डाग फिके दिसतात आणि निळ्या किंवा जंबुपार प्रकाशातील छायाचित्रांत ते अधिक गडद दिसतात. क्ष-किरणांत दिसते ते याहून निराळे असते. ते प्रारण डागांच्या वर पसरलेल्या, लक्षावधी अंश तापलेल्या सौर किरीटातून येते. त्यामुळे डागांचे प्रदेश क्ष-किरण चित्रांत सूर्याचे सर्वांत तेजस्वी भाग म्हणून उमटतात.

डाग थंड का असतात

सूर्याच्या केंद्रभागात निर्माण झालेली ऊर्जा बराचसा प्रवास प्रारणाच्या रूपाने करते. सूर्याच्या त्रिज्येच्या बाहेरील सुमारे ३० टक्के भागात, म्हणजे सुमारे २ लाख किलोमीटर जाडीच्या थरात, मात्र तिचे वहन मुख्यतः अभिसरणाने होते. खालचा तप्त वायू हलका होऊन वर येतो, पृष्ठभागाशी प्रकाशाच्या रूपाने उष्णता देऊन टाकतो, थंड व जड होतो आणि पुन्हा खाली जातो. चुलीवर उकळणाऱ्या आमटीतही उष्णता याच पद्धतीने वर येते.

या उकळीचे चिन्ह म्हणून दीप्तिगोल कणीदार दिसतो. प्रत्येक कणिका सुमारे १,००० किलोमीटर रुंद असते. तिच्या उजळ मध्यभागी तप्त वायू वर येत असतो आणि काळसर कडांवरून थंड झालेला वायू खाली उतरत असतो. एक कणिका साधारण दहा मिनिटांच्या आसपास टिकते व तिची जागा दुसरी घेते. दीप्तिगोल अवकाशात सतत ऊर्जा गमावत असतो, आणि हा पुरवठा अखंड असल्यामुळेच त्याचे तापमान टिकून राहते.

डागात या पुरवठ्याला अडथळा येतो. छायेतील चुंबकीय क्षेत्र साधारणपणे २,००० ते ४,००० गॉस असते. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील चुंबकीय क्षेत्र सुमारे ०.२५ ते ०.६५ गॉस असते, म्हणजे छायेतील क्षेत्र त्याच्या हजारो पट तीव्र असते. सूर्याचा वायू विद्युतभारित कणांचा असल्यामुळे तो विजेचा सुवाहक असतो. असा वायू (आयनद्रायू किंवा प्लाझ्मा) चुंबकीय बलरेषांच्या दिशेने सहज वाहू शकतो, परंतु त्यांना आडवे छेदून जाऊ शकत नाही. तसा प्रयत्न होताच त्यात विद्युत प्रवाह निर्माण होतात आणि त्या हालचालीला विरोध करणारे बल उत्पन्न होते.

अभिसरण चालू राहण्यासाठी वर आलेल्या वायूला बाजूला पसरून पुन्हा खाली वळावे लागते. छायेतील बलरेषा जवळजवळ उभ्या असतात. त्यामुळे वायूला बाजूला सरकण्यासाठी त्या रेषा ओलांडणे भाग पडते, आणि क्षेत्र तीव्र असल्यामुळे तसे करणे त्याला शक्य होत नाही. वायूचे चक्र खुंटते, खालून येणारी उष्णता घटते आणि पृष्ठभाग कमी तापमानाला स्थिर होतो. ज्या छायेत चुंबकीय क्षेत्र अधिक तीव्र असते, ती सामान्यतः अधिक गडद व थंड आढळते.

हा अडथळा पूर्ण नसतो. अभिसरण सर्वस्वी थांबले असते तर छाया प्रत्यक्षात आहे त्याहून बरीच अधिक गडद झाली असती, कारण त्या थरातील उष्णतावहनाचे काम केवळ प्रारणाला पेलणारे नाही. शक्तिशाली दूरदर्शकांतून छायेत बारीक उजळ ठिपके दिसतात. तेथे क्षीण स्वरूपातील अभिसरण चालू असते. काही डागांच्या छायेवरून प्रकाशसेतू नावाचे उजळ पट्टे जातात. तेथे चुंबकीय क्षेत्र तुलनेने दुबळे असते. डाग फुटू लागताना असे पट्टे अनेकदा दिसतात.

उपच्छायेतील स्थिती

उपच्छायेत बलरेषा छायेपासून बाहेरच्या बाजूला झुकलेल्या, काही ठिकाणी जवळजवळ आडव्या असतात आणि क्षेत्राची तीव्रताही कमी असते. तेथे अभिसरण लांबट तंतूंच्या रूपाने काही अंशी चालू राहते. त्यामुळे उपच्छाया एकूण ऊर्जेच्या हिशेबात दीप्तिगोलाच्या सुमारे ७५ ते ८५ टक्के तेजस्वी असते. या भागात वायू छायेच्या कडेपासून बाहेरच्या दिशेने सेकंदाला काही किलोमीटर वेगाने वाहतो. या प्रवाहाला एव्हरशेड परिणाम म्हणतात.

खोलगट भाग

डागाचा दृश्य पृष्ठभाग आसपासच्या दीप्तिगोलापेक्षा सुमारे ४०० ते ८०० किलोमीटर खाली असतो. डागात चुंबकीय क्षेत्राचा स्वतःचा दाब असल्यामुळे बाहेरच्या वायूच्या दाबाशी समतोल साधण्यासाठी आतील वायूचा दाब कमी असला तरी चालतो. विरळ व थंड वायू प्रकाशाला अधिक पारदर्शक असतो. त्यामुळे तेथे दृष्टी अधिक खोलवर पोहोचते. सामान्यतः सूर्यात जितके खोल जावे तितके तापमान वाढते. तरीही डागात दिसणारा हा खोलवरचा थर थंडच असतो, यावरून उष्णतेचा पुरवठा किती घटलेला असतो याची कल्पना येते.

अडलेली उष्णता कोठे जाते

डागाने अडवलेली उष्णता त्याच्या कडेने बाहेर पडून भोवती तेजस्वी कडे निर्माण करील, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. निरीक्षणांत मात्र असे ठळक कडे आढळत नाही. हेंक स्प्राउट यांनी १९७० व १९८० च्या दशकांत केलेल्या गणितांतून याचे स्पष्टीकरण मिळाले. अभिसरण विभागात वायूचे प्रचंड वस्तुमान असते व त्याची उष्णता साठवण्याची क्षमताही तितकीच मोठी असते. अडलेली उष्णता या विभागात दूरवर पसरते आणि त्याचे तापमान जाणवेल इतके वाढत नाही. ती पुन्हा बाहेर पडण्यास लागणारा काळ सुमारे एक लाख वर्षांच्या घरात जातो. डागाचे आयुष्य त्यामानाने नगण्य असते.

चुंबकीय क्षेत्र आणि तेजस्वी प्रदेश

चुंबकीय क्षेत्रामुळे सूर्याचा पृष्ठभाग नेहमी गडदच होतो असे नाही. डागांच्या आसपास फॅक्युली नावाचे उजळ ठिपके व रेषा आढळतात. विशेषतः सूर्यबिंबाच्या कडेजवळ त्या ठळक दिसतात. त्यांच्यातही १,००० गॉसहून अधिक तीव्रतेचे क्षेत्र असते, परंतु ते केवळ शे-दोनशे किलोमीटर रुंदीच्या नलिकांत एकवटलेले असते. अशी नलिका अरुंद असल्यामुळे तिच्या बाजूंच्या तप्त भिंतींतून येणारे प्रारण तिला आतून उजळवते. डाग हजारो किलोमीटर रुंद असल्यामुळे भिंतींची उष्णता त्याच्या मध्यापर्यंत पोहोचत नाही.

या फरकाचा परिणाम सूर्याच्या एकूण तेजावर होतो. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर मिळणारी सौर ऊर्जा सरासरी सुमारे १,३६१ वॉट प्रति चौरस मीटर आहे. १९७८ पासून कृत्रिम उपग्रहांद्वारे तिचे सलग मापन होत आहे. मोठा डागसमूह सूर्यबिंबाच्या मध्यावरून जात असताना ही ऊर्जा काही दिवसांपुरती सुमारे ०.३ टक्क्यांपर्यंत घटू शकते. सुमारे ११ वर्षांच्या सौर चक्राचा विचार केला तर मात्र डाग सर्वाधिक असताना सूर्य सुमारे ०.१ टक्क्याने अधिक तेजस्वी असतो. त्या काळात वाढलेल्या फॅक्युलींचे तेज डागांमुळे आलेली घट भरून काढून वर उरते.

संशोधनाचा इतिहास

मोठे डाग सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी किंवा धुक्याआडून नुसत्या डोळ्यांनाही दिसत असल्यामुळे त्यांच्या नोंदी प्राचीन आहेत. चीनमध्ये इ.स.पू. २८ पासून अशा नोंदी आढळतात. दूरदर्शकाचा वापर सुरू झाल्यावर १६१० ते १६१२ या काळात थॉमस हॅरियट, योहानेस फाब्रिसिउस, क्रिस्टोफ शाइनर आणि गॅलिलिओ गॅलिली यांनी डागांचे निरीक्षण केले. शाइनर यांनी प्रारंभी त्यांना सूर्याभोवती फिरणारे लहान गोल मानले. डाग सूर्याच्या पृष्ठभागावरच किंवा त्याच्या अगदी लगत आहेत, असे गॅलिलिओंनी दाखवून दिले. डाग काळे दिसले तरी ते चंद्राच्या उजळ भागांपेक्षा कमी तेजस्वी नसावेत, असेही त्यांनी १६१२ मध्ये लिहिलेल्या पत्रात मांडले होते. हे पत्र १६१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील अलेक्झांडर विल्सन यांना १७६९ मध्ये एक मोठा डाग सूर्यबिंबाच्या कडेकडे जाताना त्याची आतल्या बाजूची उपच्छाया अरुंद होत असल्याचे आढळले. यावरून डाग बशीसारखा खोलगट असतो असा निष्कर्ष त्यांनी काढला. विल्यम हर्शेल यांनी १७९५ मध्ये त्याच्या आधारे सूर्याचा गाभा थंड, काळा व वस्तीयोग्य असून डाग म्हणजे त्याच्या तेजस्वी मेघावरणातील झरोके आहेत, अशी कल्पना मांडली. ही कल्पना पुढे चुकीची ठरली, परंतु विल्सन यांचे निरीक्षण योग्य होते.

अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे जोसेफ हेन्री यांनी १८४५ मध्ये सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडून तापविद्युत उपकरणाने तिची तपासणी केली. डागातून आसपासच्या भागापेक्षा कमी उष्णता येते असे त्यांना आढळले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जॉर्ज एलरी हेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी डागांच्या वर्णपटाची प्रयोगशाळेतील वर्णपटांशी तुलना करून डाग थंड असल्याचे पक्के केले. डागांच्या वर्णपटात टायटॅनियम ऑक्साइडसारख्या रेणूंच्या रेषा आढळतात. असे रेणू दीप्तिगोलाच्या उष्णतेत सहसा टिकत नाहीत. १९९५ मध्ये एका गडद छायेच्या अवरक्त वर्णपटात पाण्याच्या वाफेच्या रेषाही ओळखल्या गेल्या.

हेल यांनी १९०८ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत डागांतील वर्णरेषा दुभंगलेल्या असल्याचे दाखवले. चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा अशा प्रकारे दुभंगतात हे पीटर झीमन यांनी १८९६ मध्ये शोधून काढले होते. डागांत तीव्र चुंबकीय क्षेत्र असते, हे यावरून सिद्ध झाले. पृथ्वीबाहेर चुंबकीय क्षेत्र आढळल्याचा हा पहिला पुरावा होता. हे क्षेत्र अभिसरण रोखते व त्यामुळे डाग थंड राहतो, हा विचार जर्मन शास्त्रज्ञ लुडविग बिअरमान यांनी १९४१ मध्ये मांडला. १९७४ मध्ये यूजीन पार्कर यांनी वेगळा पर्याय सुचवला. डागातील उष्णतेचे चुंबकीय तरंगांत रूपांतर होऊन ती वाहून नेली जाते, असे त्यांचे म्हणणे होते. तेवढी ऊर्जा वाहणारे तरंग निरीक्षणांत न आढळल्यामुळे अभिसरण रोखले जाण्याचा सिद्धांतच मान्य राहिला. पृष्ठभागाखाली डागाचे क्षेत्र एकसंध स्तंभासारखे असते की अनेक नलिकांच्या जुडग्यासारखे, हा प्रश्न अद्याप अभ्यासाचा विषय आहे.

भारतातील निरीक्षणे

तमिळनाडूतील कोडाईकनाल वेधशाळेत विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून सूर्याचे नियमित निरीक्षण होत आहे. जॉन एव्हरशेड यांनी जानेवारी १९०९ मध्ये उपच्छायेतील बहिर्गामी वायुप्रवाहाचा शोध याच वेधशाळेत लावला. १९०४ पासून घेतलेल्या सूर्याच्या छायाचित्रांचा तेथील संग्रह डागांच्या दीर्घकालीन अभ्यासासाठी महत्त्वाचा मानला जातो. २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या आदित्य-एल१ या भारतीय यानावर पुण्याच्या आयुका या संस्थेच्या नेतृत्वाखाली विकसित केलेला ‘सूट’ हा जंबुपार दूरदर्शक आहे. त्याद्वारे दीप्तिगोल व वर्णगोल यांची २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबींमधील छायाचित्रे घेतली जातात.

निरीक्षण करताना घ्यावयाची काळजी

डाग पाहण्यासाठी सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी किंवा साध्या काळ्या चष्म्यातून पाहू नये. दुर्बीण किंवा दूरदर्शकातून थेट पाहिल्यास क्षणार्धात कायमचे अंधत्व येऊ शकते. दूरदर्शकाच्या पुढील भिंगावर प्रमाणित सौर गाळणी बसवून, किंवा सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडून डाग पाहता येतात. कागदावरील प्रतिमेत रोज डागांच्या जागा खुणेने नोंदवल्यास ते दिवसेंदिवस सरकताना दिसतात. त्यावरून सूर्याचे स्वतःभोवतीचे परिवलनही लक्षात येते.